पुढच्या घोड्याची शेपटी

प्रवासात घोड्यावर बसायला मिळणं अगदी सोपं आहे. घोडा चालवायला मिळणं महाकठीण. डोंगर, समुद्र, वाळवंट, जिथं म्हणून माणसं फिरायला जातात तिथं कोणीतरी खोगीर चढवलेले घोडे घेऊन उभा असतोच. मग निघते एक रांग. पहिल्या घोड्यावर गाइड, शेवटच्या घोड्यावर त्याचा मदतनीस, आणि मध्ये खोगिराची मूठ दोन्ही हातांनी गच्च धरून आयुष्याचा फेरविचार करणारी पाच-सहा माणसं. त्या रांगेत एखादी बाई ताठ पाठीनं, टाचा खाली दाबून, लगाम मापात धरून बसलेली आणि चेहऱ्यावर मात्र सुतकी कळा, अशी दिसली तर ती मी.

मला घोडा चालवता येतो. हे वाक्य इतक्या तबेल्यांत, इतक्या सुरांत म्हणून झालंय की आता माझाच त्यावरचा विश्वास उडायला लागलाय. वास्तविक मी रीतसर शिकले आहे, आठवड्याच्या आठवड्याला नेमानं बसते, दुडकीत उठबस करते, भरधाव घोडा आवरते. पडायचंही व्यवस्थित शिकले आहे. पण प्रवासाला निघालं की ही सगळी विद्या तबेल्याच्या फाटकाशीच जमा होते आणि आत शिरते ती एक सामान्य पर्यटक, ‘मॅडम, घाबरू नका हं’ या वाक्याची मानकरी.

घोडं पेंड खातं ते इथं, की ‘मला घोडा चालवता येतो’ असं सगळेच म्हणतात. तबेल्यात गेल्यावर एक फॉर्म हातात ठेवतात. नाव, वय, वजन, आणि मग ‘अनुभव’: नवशिके, मध्यम, अनुभवी. शेजारच्याचा फॉर्म चोरून वाचायची मला वाईट खोड आहे, पण त्यातून झालेलं समाजदर्शन अमूल्य आहे. ‘नवशिके’ या चौकटीत स्वखुशीनं खूण करणारा पुरुष मी अजून पाहिलेला नाही. लहानपणी कोणीतरी उचलून घोड्यावर ठेवलेला आणि फोटो काढून उतरवलेला माणूस ‘मध्यम’ असतो. मागच्या सुट्टीत तासभर रांगेत बसून आलेला थेट ‘अनुभवी’. आणि ज्यांच्या पणजोबांकडं घोडी होती त्यांचा अनुभव तर रक्तातच असतो, त्यांना चौकटच पुरत नाही.

वजनाचा रकाना उलट्या दिशेनं चालतो. अनुभव जितका फुगतो तितकं वजन आटतं, आणि दोन्ही रकान्यांची बेरीज शेवटी घोड्याच्या पाठीवर पडते. ढोबळ हिशेब असा की घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त ओझं त्याच्यावर घालू नये, आणि त्या ओझ्यात खोगीरही आलं. ४५० किलोचा घोडा असेल तर ९० किलो. काउबॉय पद्धतीचं खोगीर एकटंच १५ किलोच्या घरात जातं. उरले ७५. आता फॉर्मवर ‘७०’ लिहून पोट आत ओढून उभ्या असलेल्या गृहस्थांकडं बघावं, मग घोड्याकडं बघावं. घोड्यानं आकडा वाचलेला नसतो, पण त्याला सगळं समजलेलं असतं.

तबेल्याच्या मालकाचं मला पूर्णपणे पटतं, हीच माझी खरी पंचाईत आहे. त्याच्या जागी मी असते तर मीही माझ्यावर विश्वास ठेवला नसता. घोडा हा पळून जाऊन जीव वाचवणारा प्राणी. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळं कपाळासमोरची आणि शेपटीमागची अरुंद पट्टी सोडली तर जवळजवळ सगळा परिसर त्याला एकाच वेळी दिसतो, आणि त्यातलं काय भयंकर आहे हे तो स्वतः ठरवतो. ट्रक गेला तर ढिम्म हलणार नाही, झुडपात अडकलेली प्लॅस्टिकची पिशवी फडफडली की थेट पुढचा तालुका. असा प्राणी अनोळखी माणसाच्या, केवळ त्याच्या शब्दावर, ताब्यात द्यायचा आणि वर विम्याचा हप्ता भरायचा. त्यापेक्षा सगळ्यांनाच नवशिके धरून चालणं शहाणपणाचं.

म्हणून मग सही करायचा कागद येतो. अमेरिकेत अनेक राज्यांत तर फाटकावर पाटीच असते की घोडेस्वारीत अंगभूत धोके आहेत, इजा किंवा मृत्यू झाल्यास कायद्यानुसार व्यावसायिक जबाबदार नाही. वाचून माझ्या अंगात वीरश्री संचारते. मी थरथरत्या हातानं सही करते, हेल्मेटचा पट्टा आवळते, आणि त्यानंतर जी राइड मिळते तिच्यात मरण आलंच तर ते निव्वळ कंटाळ्यानं येईल.

मला दिल्या जाणाऱ्या घोड्याचं नाव नेहमी तुफान, वादळ किंवा वीज या धर्तीचं असतं. हे तुफान एका पायाला आराम देऊन, खालचा ओठ लोंबकळत ठेवून झोपलेलं असतं. उभ्या उभ्या डुलकी घेता यावी म्हणून निसर्गानं घोड्याच्या पायांत सांधे कुलूपबंद करायची सोय केली आहे. ती सोय सवारी सुरू झाल्यावरही चालू ठेवता येते हे मात्र पर्यटनाच्या धंद्यातले घोडेच जाणोत. तंग, म्हणजे खोगीर आवळणारा पोटाखालचा पट्टा, तपासायला मी खोगिराच्या पाळीखाली हात घालते तेवढ्यात तुफान पोट फुगवून घेतं. हा त्याचा एकमेव शारीरिक व्यायाम.

निघालो की माझ्यासमोर येते ती पुढच्या घोड्याची शेपटी. आता तासभर हेच निसर्गसौंदर्य. दरी उजवीकडं असते, समुद्र डावीकडं असतो, पण तुफानाचं नाक त्या शेपटीपासून हातभर अंतरावर बसवलेलं आहे. एकदा तर समोरच्या शेपटीला लाल फीत बांधलेली होती. स्वारांच्या जगात लाल फितीचा अर्थ ठरलेला: हा घोडा लाथ मारतो, लांब राहा. मी लगाम आखडला. तुफान दोन पावलं थांबलं, मग अंतर वाढल्याचं लक्षात येऊन घाईघाईनं दुडकत जाऊन पुन्हा त्याच शेपटीला चिकटलं. संपूर्ण राइडमधला तेवढाच वेग. पुढं गाइड मोबाइलवर कोणाशी तरी घरगुती भांडण निपटत होता. त्याचा सूर चढला की सगळे घोडे कान टवकारायचे, कारण तेवढीच काय ती घडामोड.

या घोड्यांना रस्ता पाठ असतो असं आपण कौतुकानं म्हणतो. रस्ताच नाही, कार्यक्रम पाठ असतो. ठरावीक झुडूप आलं की थांबून एक फांदी ओरबाडायची. ठरावीक ओढ्यात पाणी प्यायचं नाही, नुसतं पुढच्या पायानं उडवायचं. तुम्ही कितीही पाय लावा, लगाम वर उचला, आवाज करा, झुडपाचं काम झाल्याशिवाय प्रस्थान नाही. मग एक सपाट पट्टा येतो आणि गाइड मागं वळून, फोनवर हात ठेवून, डोळे मोठे करून विचारतो, ‘थोडं पळवायचं का?’ माझ्या काळजाचा ठोका चुकतो. एका बुंध्यापाशी तुफानाला आपोआप चावी बसते, पंधरा-वीस ढांगा होतात, आणि पांढऱ्या दगडापाशी चावी संपते. मी टाच दिली काय आणि नाही दिली काय. मागून आनंदाच्या किंकाळ्या येतात. मदतनीस जवळ येऊन म्हणतो, ‘मॅडम, तुम्ही छान बसता. आधी कधी बसला होता का?’

यावर उपाय म्हणून लोक सांगतात, स्वतंत्र राइड घ्या. बरोबर आहे, पण प्रवास आपण एकट्यानं करत नाही. माझ्याबरोबर नवरा असतो, आणि घोड्यावरच्या सगळ्या टोळ्यांचा जागतिक नियम असा की वेग सगळ्यात कच्च्या स्वाराचा. हा नियम अतिशय योग्य आहे, एकानं घोडा भरधाव सोडला की बाकीचे घोडेही उधळतात. मात्र वर्षानुवर्षांच्या माझ्या मेहनतीचं फळ नवऱ्याच्या गुडघ्यांवर अवलंबून राहतं. तो बिचारा म्हणतो, ‘अगं, तू जा ना पुढं, मी येतो हळूहळू.’ त्याला वाटतं ही मोटार आहे. तो हळूहळू यायला तयार असतो, त्याचा घोडा नसतो.

आता मी जाहिराती वाचण्यात तरबेज झाले आहे. ‘सर्व वयोगटांसाठी’ म्हणजे फक्त चालणं. ‘अनुभवाची गरज नाही’ म्हणजे अनुभवाचा उपयोग नाही. ‘निवांत’, ‘रमणीय’, ‘कौटुंबिक’ हे तीन शब्द एका ओळीत आले की तिथून काढता पाय घ्यायचा. फोटोत समुद्राच्या लाटांतून घोडे उधळलेत, केस वाऱ्यावर उडतायत? नीट पाहा, केस ज्यांचे उडतायत त्यांच्या डोक्यावर हेल्मेट नाही, म्हणजे ते गिऱ्हाईक नव्हेत, मालकाची मुलगी आहे.

याउलट जिथं आपला अपमान होतो तिथं आशेला जागा असते. वजनाची मर्यादा आकड्यात लिहिलेली आहे, एका गटात किती स्वार घेतात ते स्पष्ट आहे, ‘निघण्यापूर्वी रिंगणात चाचणी घेऊ आणि जमलं नाही तर नेणार नाही’ अशी उर्मट ओळ आहे, की मी लगेच फोन लावते. ब्रिटनमध्ये भाड्यानं घोडे देणाऱ्या तबेल्याला स्थानिक प्रशासनाचा परवाना लागतो, तो आहे का हेही विचारते. एका मालकीणबाईंशी झालेलं संभाषण मला तोंडपाठ आहे.

‘किती वर्षं बसताय?’

मी सांगितलं.

‘वर्षं सगळेच सांगतात. शेवटचं कधी बसलात?’

‘मागच्या आठवड्यात.’

‘मोकळ्या माळावर, बाकी घोडे पळत असताना, आपला घोडा थांबवता येतो?’

‘बहुतेक वेळा.’

पलीकडं किंचित शांतता. मग आवाज थोडा मवाळ झाला. ‘पडला आहात कधी?’

‘पुष्कळदा.’

‘बरं,’ त्या म्हणाल्या, ‘सकाळी लवकर या.’

कधीच पडलो नाही असं अभिमानानं सांगणारा माणूस पुरेसा बसलेला नाही, हे तबेलेवाल्यांना पक्कं ठाऊक असतं. अख्ख्या जगात हा एकच धंदा असेल जिथं अपयशाची यादी दाखवली की दार उघडतं.

फ्रान्सनं या गोंधळावर सरकारी थाटाचा तोडगा काढलाय. तिथल्या अश्वारोहण महासंघाच्या ‘गालो’ नावाच्या पायऱ्या आहेत, १ ते ७. तबेल्यात गेलं की सरळ विचारतात, तुमचा गालो कितवा? उत्तर आकड्यात. पणजोबांच्या घोडीला तिथं काडीची किंमत नाही. माझ्यालेखी ही व्यवस्था आदर्श आहे, फक्त माझ्याकडं आकडा नाही, त्यामुळं तिथंही मी संशयितच.

आणि समजा विश्वास बसलाच, तरी एका देशातलं कसब दुसऱ्या देशात चालेलच असं नाही. इंग्लिश पद्धतीत दोन्ही हातांत लगाम धरून घोड्याच्या तोंडाशी हलका संपर्क ठेवायचा असतो. अर्जेंटिनातल्या गाउचोंच्या, म्हणजे तिथल्या घोडेस्वार गुराख्यांच्या, किंवा अमेरिकन काउबॉयच्या घोड्यावर लगाम एका हातात, सैल, आणि मानेला स्पर्श झाला की घोडा वळतो. त्याच्यावर बसून कोणी आपल्या सवयीनं दोन हातांनी हलका संपर्क साधायला गेलं की तो समजतो, थांब म्हणतायत. आणखी साधला की समजतो, मागं जा म्हणतायत. अनुभवी स्वार मग अत्यंत शास्त्रशुद्ध बैठकीत, उलट्या दिशेनं, कुंपणाकडं निघतो. त्याच वेळी शेजारचा नवशिका एका हातानं मूठ आणि एका हातानं लगाम धरून ऐटीत पुढं गेलेला असतो.

आइसलँडची तऱ्हाच न्यारी. तिथं शेकडो वर्षं बाहेरचा घोडा येऊ दिलेला नाही, आणि तिथला घोडा एकदा देशाबाहेर गेला की त्यालाही परत प्रवेश नाही. रोगराई नको म्हणून वापरलेलं खोगीर, लगाम, हातमोजेसुद्धा नेता येत नाहीत, कपडे आणि बूट धुऊन, निर्जंतुक करून न्यायचे. म्हणजे आपण प्रेमानं वापरून मऊ केलेलं सगळं सामान घरी. वर तिथले घोडे ‘टोल्ट’ नावाची जी चाल चालतात तिच्यात वेग असतो आणि हिसका नसतो. हातातल्या पेल्यातला थेंब सांडत नाही अशी प्रात्यक्षिकं करून दाखवतात. दुडकीच्या हिसक्यासरशी तालात उठायची सवय असलेला स्वार सवयीनं उठायला बघतो आणि उठवणारं खाली काहीच नसतं. गुळगुळीत चाललेल्या घोड्यावर एकटाच माणूस खालीवर होत राहतो. पण तिथल्या लांबच्या सफरींत मोकळ्या घोड्यांचा कळपच बरोबर पळवत नेतात आणि वाटेत खोगीर एकाच्या पाठीवरून दुसऱ्याच्या पाठीवर जातं, हे कळल्यापासून मी बाकी सगळे अपमान सोसायला तयार आहे.

अनुभवाची सगळ्यात स्वच्छ व्याख्या मात्र बोट्स्वानातल्या ओकावांगो खोऱ्यात आहे. तिथं घोड्यावरून जंगली जनावरं बघायला नेतात. अट एकच: वेळ आलीच तर भरधाव पळत संकटातून बाहेर पडता आलं पाहिजे. संकट म्हणजे हत्ती किंवा सिंह. तिथं फॉर्मवर ‘मध्यम’ लिहिणाऱ्यांची संख्या आपोआप रोडावत असणार. मंगोलियात २००९ पासून साधारण १,००० किलोमीटरची घोड्यांची शर्यत भरते, दर ४० किलोमीटरच्या आसपास घोडा बदलायचा आणि तो अर्धवट रानटी. तिथं कोणी ‘घाबरू नका हं’ म्हणत नसावं. कारण घाबरण्यासारखं आहे.

कधीकधी वाटतं, एमे चिफेली आज असता तर त्याचं काय झालं असतं? हा स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला शाळामास्तर. १९२५ साली मांचा आणि गातो नावाचे क्रिओयो या दक्षिण अमेरिकी जातीचे दोन वयस्क घोडे घेऊन ब्वेनोस आइरेसहून निघाला आणि वाळवंटं, अँडीज, दलदली पार करत १९२८ साली न्यूयॉर्कला पोचला. त्याला आज कुठल्याही रमणीय, कौटुंबिक तबेल्यात उभा करा. फॉर्म, सही, हेल्मेट आणि तुफान.

असो. त्या मालकीणबाईंकडं मी सकाळी लवकर गेले. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या कुंपणाला टेकून बघत राहिल्या. मी घोडीच्या खांद्याच्या बाजूनं गेले, तिला हात हुंगू दिला, तंग तपासला, रिकिबीची लांबी हातानं मापली, अलगद बसले, चार पावलं चालवून पुन्हा तंग एक भोक वर घेतला, पाय रिकिबीतून न काढता. तेवढ्यात त्यांनी फाटक उघडलं. चाचणी झाली होती, मी अजून लगामही सावरला नव्हता. रिंगणात घोडा पळवून दाखवण्याची मी रात्रभर मनात जी तालीम केली होती ती पार वाया गेली.

त्यापुढचा वृत्तांत द्यायला माझ्याकडं तपशील कमी आहेत, कारण डोळ्यांत वारा जाऊन पाणी येत होतं. एवढं सांगते की समोर शेपटी नव्हती. घोडीला माझ्याविषयी मतं होती आणि ती तिनं वेळोवेळी मांडली. एका उताराला तिचं म्हणणं पडलं की आता थांबण्यात अर्थ नाही, माझं पडलं की आहे, आणि आम्ही मध्यबिंदू गाठला तेव्हा मालकीणबाई बऱ्याच मागं राहिल्या होत्या. एका आडव्या ओंडक्याविषयी मला कोणी पूर्वकल्पना दिली नव्हती. घोडीला होती. परतताना मांड्यांना कापरं भरलं होतं, दातांत माती होती, आणि मालकीणबाई म्हणाल्या, ‘उद्या जरा लांब जाऊ.’ मी ‘हो’ म्हणाले, पण उतरायलाच मला इतका वेळ लागला की त्यांनी मध्येच कोणाचा तरी फोन घेऊन संपवला. पुढचे दोन दिवस जिने मी पाठमोरी उतरत होते.

हे सगळं बघून असेल, नाहीतर प्रत्येक वेळी पुस्तक घेऊन तबेल्याबाहेर बसायचा कंटाळा आला म्हणून असेल, नवऱ्यानं शिकायला सुरुवात केली आहे. अजून त्याचा घोडा लांब दोरीला बांधलेला असतो, दोरीचं दुसरं टोक शिक्षकाच्या हातात, आणि नवरा गोल गोल फिरतो. डावीकडून बरा फिरतो. उजवीकडून घोडा फिरतो.

परवा एका नव्या ठिकाणी आम्ही दोघं फॉर्म भरत होतो. मी सवयीनं शेजारी डोकावले. वजन ७० किलो. माझ्या माहितीत हा माणूस लग्नातसुद्धा सत्तरचा नव्हता. खालच्या रकान्यात पेन क्षणभर अडखळलं आणि मग ठामपणे ‘अनुभवी’वर खूण झाली. मी काही बोलले नाही, माझीही खूण तिथंच होती. मालकानं दोन्ही फॉर्म वाचले, आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघितलं, ‘वा, दोघंही अनुभवी!’ म्हणून तोंडभर हसला आणि आतल्या पोऱ्याला दोन घोडे आणायला सांगितले.

घोडे आले. एकाचे डोळे मिटलेले होते. तो माझा.